पेठेत घर घेणे : पुण्याच्या वाड्यांचे काय झाले? (धागा)

सदाशिव पेठेत सदनिका पाहायला येणारा आज पहिला प्रश्न विचारतो तो गाडी लावायच्या जागेचा. पेशवाईत इथे राहायला येणाऱ्याला याहून निकडीचा प्रश्न होता : हौद किती अंतरावर आहे?

१७३२ साली शनिवारवाड्याची वास्तुशांत झाली आणि पुण्याची वस्ती झपाट्याने वाढू लागली. नवी पेठ वसवायची म्हणजे सरकारातून कौल मिळे, येणाऱ्यांना काही वर्षे करांची सूट असे, आणि वसाहतीची जबाबदारी शेटे-महाजनांवर सोपविली जाई. घर-जागांच्या खरेदीविक्रीवर पुढे कोतवालाची देखरेख आली. रस्ता, गल्ली, घर यांवरून उठणारे तंटेही त्याच्याच चावडीवर जात. अशा तंट्यांसाठी स्वतंत्र व्यवस्था लागावी, यातच दाटीची कल्पना येते!

पण दाटी सोसवली ती पाण्यामुळे. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून तिथले पाणी दगडी भुयारी नळाने शहरात आणले. पंप नाही, यंत्र नाही. केवळ उतार, आणि मध्ये ठिकठिकाणी उच्छ्वास. पाणी शनिवारवाड्यात गेले, तसे सार्वजनिक हौदांतही पडले. घागर डोक्यावर घेऊन जितके चालता येईल, तितकीच पेठ मोठी असू शकते. आज आपण ज्याचे कौतुक करतो ती ‘सगळे पायी जाण्याजोगे’ वस्ती अशी घडली.

वाडाही याच हिशेबाचा. रस्त्याकडे जाड भिंत आणि दिंडीदरवाजा, आत देवडी, चौक, ओसरी, माजघर, मागे परस. लाकडी सांगाडा, त्यात विटा आणि पांढरी माती. उजेड आणि वारा चौकातून येत असल्यामुळे शेजारच्या भिंतीला भिंत लावता येई. पुढे एका कुटुंबाच्या वाड्यात खोल्या-खोल्यांनी बिऱ्हाडे आली आणि मालक-भाडेकरू एकाच चौकात नांदू लागले.

मग हे वाडे गेले कुठे? १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतील कित्येक वाडे पुरात कोसळले, हे खरे. परंतु नदीपासून दूरचे वाडे पाण्याने पडले नाहीत. माझ्या मते त्यांना कायद्याने पोखरले.

युद्धोत्तर टंचाईत भाडेकरूंना संरक्षण हवेच होते. त्यासाठी १९४७चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला आणि प्रमाणभाडे सामान्यतः १ सप्टेंबर १९४०च्या पातळीला बांधले गेले. हेतू चांगला, तोडगा तात्पुरता. पण तो अर्धशतक टिकला. समजा, दोन खोल्यांचे भाडे तेव्हा दहा रुपये होते. चाळीस वर्षांनंतरही ते जवळपास तेवढेच राहिले, तर मालक तुळई कशाने बदलणार? आणि घर आपल्या नावावर नसताना भाडेकरू तरी पदरचे पैसे छपरात का घालील? दोघांचेही बरोबर होते. वाळवी मात्र थांबली नाही.

डिसेंबर १९९७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या गोठविलेल्या भाड्याच्या तरतुदी अवाजवी व मनमानी ठरविल्या. ३१ मार्च २०००पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने दरसाल ४ टक्के वाढीची मुभा दिली. पण दहा रुपयांवर ४ टक्के म्हणजे चाळीस पैसे!

तोवर वाड्यापेक्षा त्याखालची जमीन कितीतरी मोलाची झाली होती. मालक, भाडेकरू आणि बांधकाम व्यावसायिक यांच्यात करार होऊ लागले. वाडा उतरवायचा, वाढीव चटईक्षेत्र विकायचे, जुन्या बिऱ्हाडांना त्याच जागी घर द्यायचे. म्हणून अशा इमारतीच्या एकाच जिन्यावर आज तीन दारे भेटतात. एक जुन्या मालकाचे, एक पूर्वीच्या भाडेकरूचे (आता तोही मालक), आणि एक बाजारभावाने घर घेऊन आलेल्या नव्या पुणेकराचे. मंडई, तुळशीबाग, अप्पा बळवंत चौक तिघांनाही पायीच गाठता येतात. चौक मात्र कोणाच्याच वाट्याला आलेला नाही. त्या जागी गाड्या उभ्या असतात.