सरहद्दीवरच्या शिबिरातले सैनिक

श्रोतेहो, सप्टेंबर 1948 मध्ये निजामी राजवट संपली आणि आपले कंधार मुक्त झाले; कागदाची लढाई मात्र पुढे रखडली. 1972 साली केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांस पेन्शन दिले. अट काय, तर सहा महिन्यांचा तुरुंगवास! सरहद्दीवरच्या शिबिरात राहून ज्याने करोडगिरीची नाकी जाळली, त्याने तुरुंगाचा दाखला कोठून आणावा? हाती न सापडणे हेच तर त्याचे काम. पुढे ही शिबिरेही मान्य झाली. बीड जिल्ह्यात मात्र खोटे सैनिक निघाल्याची तक्रार होऊन पालकर आयोग बसला. हजेरीपटावरील खोट्या नावांचा भुर्दंड कोण भरतो, हे आम्हां कामगारांस ठाऊक आहे. सर्वोच्च न्यायालयाने तर 2001 सालीच गुरदयाल सिंग प्रकरणात बजावले होते, की या सैनिकांकडे फौजदारी खटल्याइतका काटेकोर पुरावा मागू नये.