फार्दस्ट की फर्दस्ट? ‘सगळ्यात दूर’ इंग्रजीत कसं सांगायचं

जवाहरनगर : आयुध निर्माणीच्या या गावातून जिल्ह्यातलं सगळ्यात दूरचं तालुक्याचं ठिकाण कोणतं? लाखांदूर, हे कोणीही सांगेल. पण हेच इंग्रजीत लिहा म्हटलं की पोरं अडखळतात. कोणी ‘मोस्ट फार’ लिहितं, कोणी ‘फारेस्ट’, तर कोणी सरळ ‘लाँगेस्ट’. तिन्ही चूक. दहावीच्या पेपरात डिग्री बदलायचा प्रश्न असो की तलाठी भरतीतली इंग्रजी, मार्क अशाच ठिकाणी जातात.

इंग्रजीत ‘फार’ म्हणजे दूर. आपल्या मराठीतल्या ‘फार’शी त्याचा संबंध नाही, आपलं फार म्हणजे खूप. दोन ठिकाणांची तुलना असेल तर ‘फार्दर’, तीन किंवा जास्त ठिकाणांत सगळ्यात दूरचं असेल तर ‘द फार्दस्ट’. वाक्य असं होईल : लाखांदूर इज द फार्दस्ट तालुका प्लेस फ्रॉम जवाहरनगर. आधी ‘द’ लागतो आणि ‘पासून’साठी ‘फ्रॉम’. हेच फार्दर वापरून सांगायचं तर ‘फार्दर दॅन एनी अदर’ म्हणायचं. त्यातला ‘अदर’ विसरू नये.

कुठून मोजतो आणि कशात मोजतो, यावर उत्तर बदलतं. 1 मे 1999 ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला. त्याआधी हाच प्रश्न विचारला असता तर लाखांदूर नाही, सालेकस्याकडं बोट गेलं असतं.

‘लाँगेस्ट’ची चूक मात्र मराठीमुळं होते. दोरी लांब असते आणि गावही लांब असतं, शब्द एकच. इंग्रजीत लांबीला ‘लाँग’ आणि अंतराला ‘फार’. दिब्रुगड ते कन्याकुमारी धावणारी विवेक एक्स्प्रेस 4,100 किलोमीटरहून जास्त जाते. तिचा मार्ग देशात ‘लाँगेस्ट’. पण कन्याकुमारीत बसलेल्या माणसाला त्या गाडीचं दिब्रुगड स्टेशन ‘फार्दस्ट’. आपल्याकडं बोलताना ‘दूर’ म्हणतात, तोच शब्द मनात धरला तर घोळ होत नाही.

आता स्पेलिंग. फार्दस्टमध्ये एफ नंतर ए येतो, फर्दस्टमध्ये यू. अंतरासाठी ब्रिटिश इंग्रजीत दोन्ही चालतात. अमेरिकन वळणात रस्त्याच्या अंतराला ए वाला आणि विचार, प्रगती अशा न मोजता येणाऱ्या गोष्टींना यू वाला, असा भेद सांगतात. परीक्षेत किलोमीटरचा विषय असेल तर ए वाला लिहावा, त्यावर कोणी हरकत घेत नाही. गंमत म्हणजे यू वाला ‘फर्दर’ हाच जुना शब्द, ए वाला नंतर तयार झाला.

खरी काळजी घ्यायची ती कागदपत्रांत. यू वाल्या ‘फर्दर’चा आणखी एक अर्थ आहे : पुढचा, अधिकचा. ‘फॉर फर्दर इन्फर्मेशन’ म्हणजे अधिक माहितीसाठी. तिथं ‘फार्दर’ चालत नाही, आणि ‘फर्दस्ट’ला तर हा अर्थच नाही. सरकारी आदेशात ‘अनटिल फर्दर ऑर्डर्स’ असं असतं, त्यात अंतराचा काही संबंध नाही. त्याचा अर्थ पुढचा आदेश येईपर्यंत. नोटिशीवर हे शब्द दिसले तर शेवटची तारीख ठरलेली नाही असं समजावं. नवा आदेश निघत नाही तोवर हातातलाच लागू.