भुताचा कित्ता

पहिलीत बाई पाटीवर 'अ' काढून द्यायच्या आणि मी तो गिरवायचो. गिरवलेला 'अ' छान यायचा. पाटी पुसून स्वतःचा काढला की तो आडवा पडायचा. हे मला परवा, अठ्ठाविसाव्या वर्षी, हेडसेटसाठी कोड लिहिताना आठवलं.

आमच्या टीमचं काम सोपं वाटतं. शिकणाऱ्यासमोर शिक्षकाची अर्धपारदर्शक आकृती उभी करायची. त्यानं तिच्यात शिरून तशीच हालचाल करायची. वर्षभर हे करताना आपण काहीतरी नवं शोधतोय असं वाटत होतं. मग जुने पेपर उघडले.

दक्षिण कोरियात उंग्यॉन यांग आणि जेरार्ड किम यांनी २००२ मध्येच 'जस्ट फॉलो मी' मांडलं होतं. त्यात तुमच्या अंगातून एक 'भूत' बाहेर पडतं आणि तुम्ही त्याच्या मागे मागे हालचाल करायची. (भूत हा शब्द त्यांचाच, माझा नाही.)

पुढच्याच वर्षी कार्नेगी मेलनच्या गटानं ताई ची शिकवून पाहिलं. 'लास्ट लेक्चर'वाले रँडी पॉश त्या गटात होते. ४ बाय ५ मीटरच्या जागेत पूर्ण शरीराचं ट्रॅकिंग, डोक्यावर डिस्प्ले, कमरेला व्हिडिओ रिसीव्हर. कधी विद्यार्थ्याभोवती एकाच शिक्षकाच्या अनेक प्रती, कधी शिक्षकाच्या शरीरावर थेट त्याचं शरीर. आणि निष्कर्ष? यातलं काहीही नेहमीसारखं शिक्षकाकडे बघून शिकण्यापेक्षा लक्षणीय सरस ठरलं नाही. हे त्यांनी पेपरच्या सारांशातच सांगून टाकलं, याचं मला फार कौतुक वाटतं. आमच्या क्षेत्रात अशी वाक्यं शेवटच्या पानावर लपवतात.

असं का होत असावं? माझ्या मते धागा आणखी मागे, १९८४ मध्ये सापडतो. सॅल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर यांनी शारीरिक कौशल्यांवरचे जुने प्रयोग तपासून म्हटलं होतं की चुकीची माहिती सतत मिळत राहिली तर सरावात कामगिरी सुधारते, पण मग शरीर त्या मदतीवरच टेकतं. मदत काढली की घसरतं. म्हणजे माझा 'अ'च.

डेमोला सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण भूत समोर असताना स्क्रीनवरचे आकडे झकास होते. दुसऱ्या दिवशी मी भूत बंद करून स्वतःच हेडसेट चढवला. डावं कोपर कुठे न्यायचं, हेच आठवेना. मॅनेजरना तो आलेख पाठवलाय. उत्तर यायचंय. तोवर मी दर तिसऱ्या फेरीला भूत गायब करणारा कोड लिहायला घेतलाय.