हुन्नर आणि इल्म : यंत्र अभियांत्रिकीच्या शिक्षणाची वाटचाल



बारावीचे निकाल लागले की म्हसळ्यातील घराघरांत एकच चर्चा सुरू होते : मुलाला कुठे घालायचे, मुलीला काय शिकवायचे? ज्यांचा ओढा यंत्रांकडे असतो ते मेकॅनिकल शाखा निवडतात. प्रवेश मिळतो, फी भरली जाते आणि नंतर घरच्यांच्या हाती पडते ती फक्त गुणपत्रिका. आपले मूल तिथे नेमके काय शिकते आणि ते त्याच पद्धतीने का शिकवले जाते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ते थोडक्यात सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

या शाखेचा पाया दोन विषयांवर उभा आहे. पहिला उत्पादन प्रक्रियांचा. धातू वितळवून साच्यात ओतणे, तापवून घणाने घडवणे, लेथवर कातणे, वेल्डिंगने जोडणे हे सारे त्यात येते. दुसरा विषय यंत्रांच्या सिद्धान्ताचा. क्रँक गोल फिरतो आणि दट्ट्या मागेपुढे सरकतो, तो कसा? दात्यांच्या चाकांनी वेग किती बदलतो? फ्लायव्हील कशासाठी लावतात? याची उत्तरे तिथे आकृती आणि गणिताने काढली जातात. एक हाताचे काम, दुसरे डोक्याचे. एक हुन्नर, दुसरा इल्म.

पण हे दोन विषय खरोखर वेगळे आहेत काय? कॉलेजच्या वर्कशॉपमधील शेपर मशीनचेच उदाहरण घ्या. त्याचे हत्यार पुढे जाताना लोखंड तासते आणि मागे येताना रिकामे येते. रिकाम्या फेरीत वेळ दवडण्यात अर्थ नाही, म्हणून ते पुढे सावकाश जाते आणि झटकन परत येते. मोटार तर एकाच वेगाने फिरत असते, मग हे घडते कसे? आत क्रँक आणि खाचेचा दांडा अशी जोडणी असते. पुढच्या फेरीत क्रँक २४० अंश फिरला आणि परतीच्या फेरीत उरलेले १२० अंश, तर तासण्याला परतीच्या दुप्पट वेळ मिळतो. विद्यार्थी वर्कशॉपमध्ये याच मशीनवर काम करतो आणि वर्गात याचीच आकृती काढतो. यंत्र तेच, दोन तासांना दोन बाजूंनी पाहिलेले, इतकेच.

पूर्वी या दोन्ही बाजू एकाच माणसाच्या ठायी असत. अल्-जझरी हे त्याचे उत्तम उदाहरण. दियारबकर येथील अर्तुकी राजांच्या पदरी असलेल्या या यंत्रज्ञाने १२०६ मध्ये आपला ग्रंथ पूर्ण केला. त्यात पाण्याची घड्याळे, पाणी उपसणारी यंत्रे, दोन सिलिंडरांचा पंप अशा पन्नास रचनांचे आकृत्यांसह वर्णन आहे. यंत्र कसे चालते हे सांगून तो थांबत नाही. बंद साच्यात वाळू भरून धातू कसा ओतावा, झडपेची बैठक एमरीच्या पुडीने घासून पाणबंद कशी करावी, लाकूड वाकू नये म्हणून त्याचे थर कसे जोडावेत, हेही तो कारागिराच्या भाषेत सांगतो. डोनाल्ड हिल यांनी या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद १९७४ मध्ये प्रसिद्ध केला आणि १९७६ मध्ये लंडनच्या विज्ञान संग्रहालयात त्याच्या वर्णनाबरहुकूम एक जलघड्याळ उभे राहिले. ७७० वर्षांपूर्वीच्या लिखाणावरून यंत्र पुन्हा बांधता आले, कारण लिहिणाऱ्याने कृती आणि तत्त्व दोन्ही नोंदवून ठेवली होती.

पुढे युरोपात कारखाने वाढले आणि यंत्रांचे शास्त्र विद्यापीठात गेले. केंब्रिजचे प्राध्यापक रॉबर्ट विलिस यांचा यंत्ररचनेवरील ग्रंथ १८४१ मध्ये आला. जर्मनीचे फ्रान्झ रूलो यांनी १८७५ मध्ये दाखवून दिले की, कितीही गुंतागुंतीचे यंत्र असो, ते एकमेकांत बसलेल्या भागांच्या साध्या जोड्यांचे आणि त्या जोड्यांच्या साखळीचे बनलेले असते. आज आपली मुले हेच शिकतात. रूलो यांनी मात्र केवळ फळ्यावर शिकवले नाही. हाताने फिरवून पाहता येतील अशी सुमारे ८०० नमुनायंत्रे त्यांनी बर्लिनमध्ये जमवली.

तरीही एक दरी पडू लागली होती. पदवीधराच्या हाताला काळे लागेना आणि कारागिराच्या हाती पुस्तक येईना. ती बुजवण्याचे दोन प्रयत्न १८६८ याच वर्षी झाले. इंग्लंडमध्ये प्रसिद्ध यंत्रनिर्माते जोसेफ व्हिटवर्थ यांनी वर्षाला १०० पौंडांच्या ३० शिष्यवृत्त्या ठेवल्या आणि त्यांसाठी सिद्धान्त व हातकाम या दोन्हींची परीक्षा लावली. मॉस्कोच्या तांत्रिक विद्यालयात व्हिक्टर डेला-व्होस यांनी कारागिरीची पायरीपायरीने फोड करून सोप्याकडून कठीणाकडे जाणारे धडे बसवले. १८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात ते मांडले गेले आणि अमेरिकेने उचलले. आजही पहिल्या वर्षाचा विद्यार्थी लोखंडाचा तुकडा कानशीने घासतो, गुण्या लावून काटकोन तपासतो आणि मगच लेथकडे वळतो, त्यामागे हाच विचार आहे.

आता आपल्या मुलखाकडे वळू. पुण्यात १८५४ मध्ये सरकारी बांधकामांसाठी माणसे तयार करण्याकरिता अभियांत्रिकीचा वर्ग आणि यांत्रिक शाळा एकत्र सुरू झाली. तिचेच पुढे पुण्याचे इंजिनियरिंग कॉलेज झाले. तिथे यंत्र अभियांत्रिकीचा पदवी अभ्यासक्रम मात्र १९१२ मध्ये आला. मुंबईत १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली. गिरण्यांच्या आणि कारखान्यांच्या त्या शहराला यंत्र जाणणारी माणसे हवी होती.

याच संस्थेत लक्ष्मणराव किर्लोस्कर यांत्रिक रेखाचित्र शिकवीत असत. त्यांच्याकडे अभियांत्रिकीची पदवी नव्हती. चित्रकार व्हायचे होते, पण रंगांधळेपणामुळे तो मार्ग बंद झाला आणि ते यंत्रांच्या आकृत्यांकडे वळले. पुढे नोकरी सोडून त्यांनी बेळगावात भावाबरोबर सायकलींचे दुकान चालवले, कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर बनवले आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. कागदावर रेघ ओढणारा हात ओतशाळेतही चालला, म्हणून हे घडले.

आपल्या समाजाच्या संस्थांनीही हा मार्ग वेळेवर ओळखला. अंजुमन-इ-इस्लामच्या छत्राखाली भायखळ्याला साबू सिद्दीक यांच्या नावाने तांत्रिक शिक्षणाची सोय १९३६ मध्ये झाली, १९५८ मध्ये तिथे पॉलिटेक्निक आले आणि १९८४ मध्ये इंजिनियरिंग कॉलेज. आधी हुन्नर, मग पदविका, मग पदवी, असा हा क्रम आहे. १९८३ मध्ये राज्य सरकारने विनाअनुदान कॉलेजांना परवानगी दिली होती आणि महाराष्ट्रात अशा कॉलेजांची रांग लागली होती. त्यांतील अनेकांचा आरंभ थेट पदवीपासून झाला. या संस्थेपाशी मात्र जवळजवळ पन्नास वर्षांची कार्यशाळेची परंपरा होती.

१९४८ पर्यंत म्हसळा जंजिरा संस्थानात होता. त्या काळी अशा शिक्षणासाठी मुंबई-पुणे गाठण्यावाचून इलाज नव्हता. आज शेजारच्या माणगाव तालुक्यात लोणेरे येथे १९८९ मध्ये कायद्याने स्थापन झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे आणि नवीन पनवेलला अंजुमनचे काळसेकर टेक्निकल कॅम्पस आहे. अंतराची अडचण पुष्कळ कमी झाली. दृष्टिकोनाची अडचण मात्र शिल्लक आहे.

आपल्या किनाऱ्यावर कितीतरी घरांतून कोणी जहाजावर, कोणी आखातात फिटर किंवा वेल्डर म्हणून आयुष्य काढले आहे. वेल्डिंगची शिवण थंड होताना पत्रा का वाकतो, हे त्या हातांना माहीत असते. त्याच घरातील इंजिनियर होऊ घातलेला मुलगा हे पुस्तकात वाचतो, परीक्षेत लिहितो. पण चाचाजवळ बसून विचारत नाही. आणि चाचाही म्हणतो, आमचे ते मजुरीचे काम, तुझे ते शिक्षण. एकाच छपराखाली हुन्नर आणि इल्म पाठीला पाठ लावून बसले आहेत. वर सांगितलेला सारा इतिहास हेच दाखवतो की, जिथे ही दोघे समोरासमोर बसली तिथेच काही नवे घडले.

म्हणून पालकांना विनंती आहे. कॉलेज निवडताना इमारत पाहा, निकालही पाहा. पण वर्कशॉपचे दार उघडून आतही पाहा. मशीन चालू आहेत की धूळ खात आहेत? मुले स्वतः काम करतात की दुसऱ्याची वही उतरवून घेतात? मुलगी असेल तर तिलाही लेथवर उभे राहू द्या.

आणि विद्यार्थी मित्रांनो, आज संगणकाच्या पडद्यावर यंत्र हलवून पाहता येते, संगणकाच्या हुकमावर चालणारे लेथही आले आहेत. पण हत्याराला किती खोल काप झेपेल, हे ठरवायला लोखंडाची ओळख लागतेच. ती ओळख वर्कशॉपच्या तासाला होते. तो तास चुकवू नका आणि सुट्टीत घरी आलात की कपड्यांना डाग पडण्याची पर्वा न करता चाचाच्या शेजारी बसा. तुमच्या पुस्तकातील आकृती त्यांना समजावून सांगा आणि त्यांच्या हातातील कसब तुम्ही शिकून घ्या.