मुंबईची गिन्नी

आमच्याकडे साकोलीला जुनी माणसं सोन्याच्या कुठल्याही नाण्याला गिन्नीच म्हणतात. ती सगळी विलायतेहून आलेली, असाही एक समज. पण इंग्रजांची गिन्नी एक वर्ष चक्क आपल्या मुंबईत पाडली गेली होती!

साल १९१८. महायुद्ध चालू होतं, रुपये पाडायला चांदी पुरेना, आणि सोनं समुद्रावरून नेणं-आणणं धोक्याचं. म्हणून लंडनच्या शाही टांकसाळीची शाखा मुंबईत उघडली. गिन्नीचे साचे यायला उशीर, तोवर तेवढ्याच वजनाची पंधरा रुपयांची मोहोर पाडली. मग सुमारे तेरा लाख गिन्न्या निघाल्या आणि १९१९ मध्ये शाखा बंदही झाली. घोडेस्वाराच्या बाजूला, सालाच्या अगदी वर, बारीक इंग्रजी ‘आय’ दिसला की ती मुंबईची.

पुढे १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याने घरात लगड ठेवणं गुन्हा ठरलं. कायदा उठला तो १९९० साली. त्यामुळे आमची पिढी दागिन्यांवरच थांबली.

आता नातीला पहिल्या पगारातून नाणं घ्यायचं आहे. तिला मी गिन्नीचंच गणित घातलं. वजन ७.९८८ ग्रॅम, पण सोनं २२ कॅरेट, म्हणजे शुद्ध सोनं ७.३२ ग्रॅमच. २०१५ साली आलेलं अशोकचक्राचं नाणं मात्र २४ कॅरेटचं. दोन्हींना ग्रॅममागे एकच भाव सांगणाऱ्या दुकानातून सरळ उठून यावं. शिवाय घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी विकताना परत मिळत नाही, हे पावती फाडण्याआधी वहीत मांडून बघ म्हटलं.