वैनगंगेचे घाट आणि ‘बंदर’ हा शब्द

भंडारा जिल्ह्यांतील पवनी पाहिली म्हणजे तिला ‘प्राचीन बंदर’ म्हणण्याचा मोह कोणासही होईल. तीन बाजूंस तट व खंदक, चौथ्या बाजूस वैनगंगा आणि तिजवर बांधीव घाट, असें तें स्थान आहे. १९६९-७० सालीं नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनीं केलेल्या उत्खननांत तेथें स्तूपाचे अवशेष व ब्राह्मी लेख उजेडांत आले. नगरीच्या प्राचीनत्वाबद्दल त्यामुळें शंका उरली नाहीं. परंतु स्तूपावरून गोदी सिद्ध होत नाहीं.

कोंकणांतील बंदराचें सारें गणित भरतीवर बसलेलें. विजयदुर्गाजवळ वाघोटणच्या खाडीवर मराठ्यांची जी गोदी आहे, तींत गलबत घ्यावयाचें तें भरतीच्या पाण्यावर. वैनगंगेस भरती वर्षांतून एकच, ती पावसाळ्याची. श्रावणांत जेथें डोंग्यावांचून गति नाहीं, तेथेंच वैशाखांत उतार मिळतो. म्हणून जुन्या कागदांतील ‘घाट’, ‘उतार’ व ‘नाव’ हे शब्द निरनिराळे वाचले पाहिजेत. तिहींस सरसकट बंदर समजणें ही चूक होय.

ही नदी समुद्राशीं जोडण्याचा उद्योग मात्र खरोखरीच झाला. वर्धा व वैनगंगा मिळून प्राणहिता होते, ती गोदावरीस जाते. या जलमार्गानें मध्यप्रांताचा कापूस पूर्वकिनाऱ्यास न्यावा, असा सर आर्थर कॉटन यांचा आग्रह होता. वाटेंत खडकांचे तीन मोठे अडथळे. १८६७ सालीं आगगाडी नागपुरास पोंचली, आणि १८७१ सालीं जलमार्गाचें काम सरकारनें सोडून दिलें.

आज विलंब करून चालणार नाहीं. १९८८ सालीं पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द धरणाच्या जलाशयांत पवनीच्या वरच्या अंगाचे कित्येक गांवघाट बुडाले. मुकुंदराजाच्या स्थलवादामुळें अभ्यासकांस परिचित असलेल्या आंभोऱ्यास आतां मोठा पूल झाला आहे. पैलतीरीं जाण्यास नावाड्याची वाट पाहावी लागत नाहीं. घाट गेले तरी कागद असूं शकतील. नावेच्या ठेक्याचीं पत्रें ढीवर कुटुंबांत किंवा जुन्या मालगुजारांच्या दप्तरांत असण्याचा संभव आहे. ज्या संग्राहकांस तीं मिळतील त्यांनीं ठेका कोणत्या महिन्यांत सुरू होई व कोणत्या महिन्यांत संपे, एवढें तरी अवश्य टिपून घ्यावें.