व्याख्यान कीं संवाद ?

‘वेबिनार’ हा शब्द महाविद्यालयांच्या निमंत्रणपत्रिकांतून आतां इतका रुळला आहे कीं, त्याची व्युत्पत्ति पाहण्याची कोणास गरज वाटत नाहीं. ‘वेब’ आणि ‘सेमिनार’ या दोन शब्दांचा विसाव्या शतकाच्या अखेरीस झालेला हा जोड होय. आणि ‘सेमिनार’ ज्या लॅटिन शब्दापासून निघाला, त्याचा मूळ अर्थ रोपवाटिका असा आहे. रोपवाटिकेंत माळ्याची नजर प्रत्येक रोपावर असते. वेबिनारमध्यें मात्र वक्त्यास श्रोत्यांचीं तोंडें दिसत नाहींत, व शेजारीं कोण बसला आहे याचा श्रोत्यांस पत्ता नसतो. नांव संवादाचें आणि रूप व्याख्यानाचें, असा हा प्रकार आहे. तेव्हां विद्यापीठानें दृक्‌श्राव्य सभा भरवावी कीं वेबिनार, हा प्रश्न यंत्रानें उत्पन्न केलेला दिसला, तरी तो वस्तुतः यंत्रापेक्षां फार जुना आहे.

मध्ययुगीन यूरोपांत ग्रंथ हस्तलिखित व म्हणून महाग असत. अध्यापकानें ग्रंथ वाचावा, अर्थ सांगावा आणि विद्यार्थ्यांनीं ऐकावें, ही तेथील मुख्य रीत. ‘लेक्चर’ या शब्दाचा मूळ अर्थहि वाचन असाच आहे. सन १३५५ मध्यें पॅरिस विद्यापीठाच्या कलाशाखेनें असा नियम केला कीं, अध्यापकांनीं शब्दशः लिहून घेतां येईल इतकें संथ न बोलतां ओघानें बोलावें. आणि याविरुद्ध जे आरडाओरडा करतील किंवा दगड फेकतील, त्यांस शासन व्हावें. श्रोत्यांचा आवाज बंद करण्याची कळ तेव्हां नव्हती, म्हणूनच हा नियम करावा लागला !

परंतु त्याच विद्यापीठांत वादसभांचीहि प्रथा होती. वर्षांतून दोन पर्वकाळीं भरणाऱ्या विशेष वादसभेंत कोणीहि कोणत्याहि विषयावर प्रश्न विचारावा आणि आचार्यानें त्यास उत्तर द्यावें, असा परिपाठ असे. सर्वच आचार्य हें धाडस करीत नसत, यावरून त्या सभेची कसोटी किती कठीण होती हें दिसून येतें.

पुढें छापखाना आला. ग्रंथ हातीं आल्यावर व्याख्यान मागें पडावयास हवें होतें, पण तें टिकलें. कारण एका अध्यापकास शेंकडों विद्यार्थ्यांस एकदम शिकवितां येतें, ही त्याची सोय कायम राहिली. संवादासाठीं निराळी व्यवस्था करावी लागली. फ्रीड्रिक ऑगस्ट वोल्फ यानें १७८७ सालीं हाले येथें भाषाशास्त्राचें सेमिनार स्थापिलें. बर्लिन येथें इतिहासकार रांके मोजक्या विद्यार्थ्यांस जवळ घेऊन मूळ साधनें तपासण्यास शिकवूं लागला. १८७६ मध्यें उघडलेल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठानें ही पद्धति अमेरिकेंत रुजविली. मात्र तिची किंमत उघड होती : थोडे विद्यार्थी आणि पुष्कळ वेळ.

आपल्याकडेहि हीं दोन्ही रूपें दिसतात. मुंबईस एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनीं १८४८ मध्यें स्थापिलेल्या साहित्य व शास्त्रविषयक सभेंत विद्यार्थी स्वतः निबंध वाचीत. पुण्यांत १८७५ पासून वसंत व्याख्यानमालेनें मोठ्या श्रोतृवर्गास विद्वानांचे विचार ऐकविले. एकीनें दुसरीचें काम केलें नाहीं, आणि तशी अपेक्षाहि कोणी केली नाहीं.

दूरशिक्षणाच्या धुरीणांनीं हा भेद ओळखला होता. १९७१ सालीं ब्रिटनमधील मुक्त विद्यापीठाचें अध्यापन सुरू झालें, तेव्हां बी. बी. सी. च्या कार्यक्रमांवरच भिस्त न ठेवतां शिक्षकांच्या भेटी व उन्हाळी वर्ग यांची जोड देण्यांत आली. भारतांत १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे पाठ दूरदर्शनवर दिसूं लागले. पण पडदा प्रश्न ऐकूं शकत नव्हता.

२०२० च्या महासाथीनें ही उणीव एकाएकीं भरून निघाली. झूमसारख्या साधनांनीं प्रत्येकास तोंड आणि कान दोन्ही दिले. पण उघड्या दारांतून आगंतुकहि शिरले व त्यांनीं वर्गांत धिंगाणा घातला. त्यामुळें मोठ्या सभांसाठीं वेबिनारचा बंदिस्त दिवाणखाना अनेकांस बरा वाटला. ही खबरदारी योग्यच होती. परंतु सुरक्षिततेसाठीं लावलेली कडी पुढें सोयीसाठींहि लावतां येते, हें विसरतां कामा नये.

बाहेरील विद्वानाचें भाषण किंवा प्रवेशाचे नियम शेंकडों जणांस सांगावयाचे असतील, तर वेबिनारच योग्य. संकोची विद्यार्थी तेथें लेखी प्रश्न तरी पाठवितो, आणि आपलें घर पडद्यावर दाखविण्याची त्यास सक्ति नसते. उलट, काळ्या चौकटींत नुसतीं नांवें झळकत असतील, तर सभाहि व्याख्यानाहून निराळी ठरत नाहीं. म्हणजे केवळ साधन बदलल्यानें संवाद साधत नाहीं.

परंतु जेथें उत्तर अजून ठरावयाचें आहे, तेथें गोष्ट निराळी. प्रबंधाची चर्चा, शिकवणीचा वर्ग, परीक्षेविषयींची गाऱ्हाणीं, शुल्कवाढीवरील विचारविनिमय—येथें वेबिनार योजणें म्हणजे मत विचारण्याचा देखावा करून आधींच घेतलेला निर्णय ऐकविणें होय. कारण तेथें आलेल्या लेखी प्रश्नांपैकीं कोणता वाचावा, हें ज्यांनीं उत्तर द्यावयाचें तेच ठरवितात. पॅरिसच्या आचार्यास ती मुभा नव्हती. समोर येईल त्या प्रश्नास त्याला सामोरें जावें लागे. आपल्या विद्यापीठांनीं साधन निवडतांना खर्च व श्रोतृसंख्या यांच्या जोडीस एवढें अवश्य पाहावें कीं, प्रश्न निवडण्याचा अधिकार कोणाच्या हातीं जात आहे.